जोतं नसलेलं घर

आमच्या नगररचना खात्यात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तो बिचारा ओ देत असे. वयानं माझ्याहून मोठा, त्यामुळे बोलताना मी त्याला अहो-जाहो करायचे. पण लिहिताना 'तो'च बरा वाटतो. 'ते' म्हटलं की माणूस उगाच भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसतो, आणि हा माणूस तसबिरीतला नव्हता, माझ्या शेजारच्या टेबलावरचा होता.

हुद्दा आरेखक. एखाद्या जागेवर कोणाला घरांचा मोठा प्रकल्प उभा करायचा असला, की त्याचा अर्ज आमच्याकडे येई. समिती छाननी करी, सुनावणी होई आणि मग मंजुरी मिळे किंवा न मिळे. बहुतेक मिळेच. उद्या तिथं काय होणार त्याचं चित्र बिल्डरची माणसं घेऊन येत. गुळगुळीत कागद, हिरवीगार हिरवळ, सायकलवरून हसत चाललेलं कुटुंब. आज तिथं काय आहे, ते मात्र आमच्या फूटपट्टीनं काढायचं. टेप घेऊन जागेवर जायचं, मोजायचं, आणि परत येऊन नकाशा करायचा. विहीर, भिंत, झाड, घर, उकिरडा. त्याच्या नकाशात हसणारं कुटुंब कधी नसे.

माणूस सरळ, म्हणजे इतका सरळ की कधीकधी त्याचा राग यावा. सफरचंद कापलं तरी फोडी सारख्या. टेबलावरची पेन्सिल तिरकी पडली की बोलता बोलता ती सरळ करणार, मग समोरचा काय रडगाणं गातोय ते राहिलं बाजूला. लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "राहून गेलं, बाई." जसं काही टपालात टाकायचं पाकीट राहून गेलं! एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिथं एकटाच राही. एक थोरली बहीण आहे एवढं मला ठाऊक होतं, कारण दर रविवारी तो ताईकडे जायचा आणि सोमवारी त्याच्या डब्यात ताईच्या अंगणातली भाजी असायची. ती कुठं राहते ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

आता एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायी घडलं.

जागेवर आधीपासून कोणी राहत असेल, तर बिल्डरनं आधी त्याला तिथंच घर द्यायचं आणि मग बाकीच्या कामाला हात घालायचा, असा कायदा. चांगला कायदा. पण कायदा आला की त्याच्या मागून लबाडी येतेच. कुठं प्रकल्प होणार अशी कुणकुण लागली, की त्या जागेवर कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या पत्र्याच्या खोल्या उगवायच्या, आणि प्रत्येक खोलीच्या दारात एक माणूस खाट टाकून, आमच्या चार पिढ्या इथं गेल्या म्हणून शपथा घ्यायचा. शेवटी खात्यानं ठरवलं, जोतं असेल तेच घर. जोतं म्हणजे जमिनीत पाया भरून वर आणलेला दगडविटांचा चौथरा. जोतं असलेलं घर नकाशात दाखवायचं, नसलेलं दाखवायचं नाही.

मग खरोखरच कोणी गरीब वर्षानुवर्षं झोपडीत राहत असेल तर? त्यासाठी स्थळपाहणी होती. सुनावणीआधी समितीतले सगळे, अध्यक्षांपासून शिपायापर्यंत, हातात नकाशा घेऊन ती जागा पायाखाली घालत. चूल पेटलेली दिसली, दोरीवर कपडे दिसले, आजूबाजूच्यांनी साक्ष दिली, की अध्यक्ष उभ्या उभ्या लाल पेन्सिलीनं नकाशावर खूण करीत, आणि ती खूण जोत्याइतकीच पक्की धरली जाई. फूटपट्टीचा या पद्धतीवर फार विश्वास. म्हणायचा, "बाई, नकाशा खोटं बोलत नाही, पण सगळं खरं त्याला सांगताही येत नाही. उरलेलं डोळ्यांनी बघायचं असतं."

एकदा एका नगरसेवकाचा मेव्हणा मिठाईचा खोका घेऊन त्याच्या टेबलाशी आला. त्याची एक शेड नकाशात यायला हवी होती.

"जोतं दाखवा," फूटपट्टी म्हणाला.

"अहो, माणसं राहतात हो तिथं!"

"असतील. जोतं दाखवा."

मेव्हणा तावातावानं निघून गेला, खोका राहिला. फूटपट्टीनं तो उचलून माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, याची आवक घ्या." मी आवक-जावकच्या टेबलावरची, त्यामुळे घेतली. आख्ख्या खात्यानं मिळून घेतली, दुपारच्या चहापर्यंत खोक्यात कागद तेवढा उरला. शेड नकाशात आली नाही. तो नगरसेवक मात्र पुढे बरेच दिवस फूटपट्टी समोरून आला की तोंड फिरवायचा.

आणि मग शहराच्या कडेच्या बंद पडलेल्या काचकारखान्याची फाइल आली. कारखाना बंद होऊन जमाना लोटला होता. मालकाच्या वारसांनी जमीन विकली होती. तिथं आता टोलेजंग इमारती, पोहण्याचा तलाव, आणि प्रकल्पाचं नाव असं, की वाचताना अत्तराच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखं वाटावं. मी फाइल नोंदवून त्याच्या टेबलावर सरकवली. पहिलं पान वाचून त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी म्हटलं, "काय हो, तलाव बघून पोहायला जावंसं वाटतंय का?"

एरवी हसला असता. यावेळी त्यानं पेन्सिलीला टोक करायला घेतलं, आणि टोक झालं तरी करतच राहिला.

मोजणीच्या दिवशी काय झालं, ते टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या मदतनिसानं मला नंतर सांगितलं. कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात एका मोठ्या झाडाखाली फळ्यांचं एक घर होतं. छपरावर दुधीचा वेल इतका माजलेला, की जवळ गेल्याशिवाय खाली घर आहे हे कळू नये. दारात एक म्हातारी उभी होती आणि यांच्याकडे बघून कौतुकानं हसत होती.

"साहेब, इथं आजी राहतात," मदतनीस म्हणाला.

यानं वर न बघता विचारलं, "जोतं आहे का?"

"नाही."

"मग पुढे चल."

म्हातारीनं पाणी आणलं. मदतनीस प्यायला. हा टेप गुंडाळत पाठमोरा उभा राहिला. म्हातारी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "उन्हात टोपी घालत जा हो, साहेब." मदतनिसाला वाटलं, काय मायाळू बाई आहे, परक्या साहेबाचीसुद्धा काळजी करते.

ती त्याची ताई होती. आदल्या संध्याकाळी जाऊन तो तिला बजावून आला होता, की उद्या मी कामावर येणार आहे, माझ्या माणसांसमोर मला 'छोट्या' म्हणून हाक मारू नकोस. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी ती त्याला छोट्याच म्हणायची. त्या दिवशी तिनं शब्द पाळला आणि साहेब म्हणाली.

मला त्याचा खरा राग येतो तो इथं. जोतं नसलेल्यांसाठी त्यानं कधी तोंड उघडलं नाही असं नव्हतं. मागे एका गोदामामागच्या झोपडीत एक आंधळा खुर्च्या विणणारा राहायचा. नियमाप्रमाणे ती झोपडी यानं नकाशात घेतली नाही, पण नकाशा देताना आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं, "पाहणीच्या वेळी अध्यक्षांना गोदामाच्या मागे जरूर न्या." एवढं एकच वाक्य. त्यावर त्या माणसाला घर मिळालं. तेच वाक्य यावेळी बोलायचं होतं, दोन पावलांवर साहेबांची केबिन होती. पण यावेळी तिथं राहणारी त्याची स्वतःची बहीण होती. लोक म्हणतील, आम्हाला जोतं दाखवा म्हणणारा स्वतःच्या बहिणीसाठी वशिला लावतोय. म्हणून परक्यासाठी जे त्यानं डोळे झाकून केलं असतं, ते सख्ख्या बहिणीसाठी केलं नाही. याला तो प्रामाणिकपणा समजत होता. मी याला गाढवपणा म्हणते. माझा जीव होता त्या माणसावर, तरीही गाढवपणाच म्हणते.

त्याच्या मनातला बेत साधा होता. समिती जागेवर येणार, ताईचं घर आपल्या डोळ्यांनी बघणार, लाल खूण करणार. आपण हात लावायचा नाही, बोट दाखवायचं नाही, आणि ताईला घर मिळणार. त्यानं तिला एवढंच सांगितलं, "गुरुवारी सकाळी साहेब लोक बघायला येतील. घरीच थांब." ताईनं अंगण झाडलं, पाणी शिंपडलं, ठेवणीतले कपडे घातले. जवळच्या वस्तीतून खुर्च्या मागून आणून ओळीनं मांडल्या. मोठी माणसं, त्यांना उभं कसं ठेवायचं?

गुरुवारी समिती सभागृहातून हललीच नाही. ऊन फार होतं. नव्या अध्यक्षांचे गुडघे दुखत होते. नवे अध्यक्ष म्हणजे तोच मेव्हण्याचा नगरसेवक, आता बढती मिळून मोठ्या खुर्चीत बसलेला. आणि सगळ्यांची पायपीट वाचावी म्हणून बिल्डरनं उडत्या कॅमेऱ्यानं आख्ख्या जागेची फिल्म काढून आणली होती. पडदे ओढले, थंड सरबत फिरलं, फिल्मच्या मागे बासरी वाजू लागली. मी हजेरीच्या सह्या घेत दारापाशी उभी होते. वरून पडकी छपरं दिसली, माजलेलं रान दिसलं, कारखान्याचं धुराडं दिसलं. मागच्या कोपऱ्यातलं मोठं झाडही दिसलं आणि त्याच्या बाजूला वेलाचा हिरवा ढीग. सगळे म्हणाले, वा, काय छान चित्रण आहे. मीही म्हणाले असेन.

दिवे लागले तसा फूटपट्टी मागच्या रांगेतून उठून साहेबांपाशी गेला. "साहेब, पाहणीला कधी निघायचं?"

साहेब सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाले, "झाली की पाहणी. आत्ता बघितली नाहीत का?"

त्या संध्याकाळी तो गेला तेव्हा ताई अजून अंगणातच बसलेली होती. म्हणाली, "कोणी आलंच नाही रे. रस्ता चुकले असतील बिचारे. तू तरी फाटकापाशी उभं राहायचंस." त्यानं तिच्या खुर्च्या उचलून एकेक करून परत पोचवल्या.

सुनावणीच्या सकाळी तो साहेबांच्या केबिनच्या दाराशी जाई, उभा राही आणि परत येई. असं दोनतीनदा झाल्यावर मी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"काय होतंय? पोटात दुखतंय का?"

"बाई, काचकारखान्यात माझी ताई राहते."

मला आधी समजेचना. "राहते म्हणजे?"

"राहते म्हणजे राहते. मेव्हणे तिथं पहारेकरी होते. कारखाना बंद पडला तेव्हा मालक म्हणाला, तुम्ही इथंच राहा, जागा सांभाळा. मेव्हणे गेले. ती सांभाळतेय अजून."

"अहो, मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात का?"

"नकाशा माझा आहे, बाई."

"चुलीत गेला तुमचा नकाशा! आज बोला. सगळ्यांसमोर उभं राहून बोला, नाहीतर मी बोलते."

तो बोलला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर खात्यात काहींनी उठवलं की फूटपट्टी ऐन वेळी गप्प बसला. गप्प बसला नाही. अध्यक्षांनी फाइल चाळत विचारलं, "जागेवर वस्ती?" साहेबांनी नकाशा बघून सांगितलं, "निरंक." म्हणजे काही नाही. तेव्हा मागच्या रांगेत खुर्ची सरकली आणि हा उभा राहिला.

"अध्यक्षसाहेब, तिथं माझी बहीण राहते."

सभागृहात सगळे मागे वळले. कोणीतरी हसलंही. बिल्डरचा वकील उठला. मला वाटलं होतं आता आरडाओरडा करील, पण तो अगदी मऊ आवाजात बोलला. चांगल्या वकिलांना आवाज चढवावा लागत नाही.

"हा नकाशा कोणी काढला?"

"मी."

"जागेवर जाऊन?"

"हो."

"तेव्हा आपल्या भगिनी तिथं होत्या?"

"होत्या."

"मग नकाशात त्यांचं घर का नाही?"

"जोतं नाही."

"बरं. मग मला एवढंच सांगा, आपण काढलेला नकाशा बरोबर आहे की चूक आहे?"

खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, की 'चूक' एवढा एक शब्द पुरे होता. नकाशात चूक आहे असं काढणाऱ्यानंच सांगितलं, की फाइल पुन्हा मोजणीला जाते. पुन्हा मोजणी म्हणजे पुन्हा पाहणी, आणि यावेळी फिल्मवर भागलं नसतं. मी दारापाशी उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते, चूक म्हणा, मेल्या, चूक म्हणा! त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा. मग टेबलावर पसरलेल्या त्या कागदाकडे बघितलं, जिथं एकेक भिंत, एकेक झाड, विहिरीचा काठसुद्धा जिथल्या तिथं होता.

"नकाशा बरोबर आहे," तो म्हणाला.

वकील आभार मानून खाली बसला. अध्यक्षांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला तुम्ही काय सांगितलं होतंत ते आठवतं का? तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. पुढे माझं मलाच पटलं. नियम मोडायला लावणारा माणूस नेहमी जवळचाच असतो. तुमच्यासारखी माणसं खात्यात आहेत म्हणून आम्हाला डोळे मिटून सही करता येते." हा टोमणा होता की मनापासूनचं कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हात वर झाले, आणि ठरावात लिहिलं गेलं की जागा रिकामी असल्यामुळे पुनर्वसनाचा प्रश्न उद्भवत नाही.

त्यानंतर त्यानं हातपाय हलवले नाहीत असं नाही. वरच्या कचेरीत अपील केलं. तिथून उत्तर आलं की अपिलासोबत जागेचा अधिकृत नकाशा जोडावा. अधिकृत नकाशा म्हणजे यानंच काढलेला. ते उत्तर मीच आवकला घेतलं. वाचून मला आधी हसू फुटलं आणि मग प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन यावं लागलं.

पुढच्या रविवारी तो मला ताईकडे घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर, काचसामानाच्या लाकडी पेट्यांच्या फळ्या जोडून बांधलेलं. भिंतींवर सगळीकडे 'सांभाळून, आत काच आहे' असा छाप, कुठं सुलटा, कुठं उलटा. 'ही बाजू वर' असं लिहिलेली एक फळी नेमकी खाली जमिनीला लावलेली. "मेव्हण्यांना वाचता येत नव्हतं," फूटपट्टी ओशाळून म्हणाला, जसं काही घरातलं एवढंच काय ते खटकण्यासारखं होतं.

ताई हाडानं बारीक, पण चटपटीत. मला बघून तिला केवढा आनंद झाला! "हा तुमच्याबद्दल फार सांगतो. म्हणतो, बाई ओरडतात फार, पण मनानं चांगल्या आहेत." मग तिनं त्याच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवला. पाटीवर रेघ वाकडी आली की जेवायचा नाही म्हणे. त्याला चित्रकलेच्या शाळेत घालता यावं म्हणून ती याच कारखान्यात पॅकिंगला लागली. दिव्याच्या काचा गवतात गुंडाळून पेटीत भरायच्या. बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघाच रेघा होत्या. मी बघतेय असं दिसल्यावर तिनं हात मागे घेतले. तो बाहेर वेलाला टेकू लावायला गेला तेव्हा हळूच म्हणाली, "त्याला रागावू नका हो. तो भित्रा नाही. त्याला येतच नाही वेडंवाकडं काही करायला. मीच त्याला तसा वाढवला."

तो तिला आपल्या खोलीवर चल म्हणून विनवत होता. दुसरा इलाजच नव्हता. तिसरा मजला, अरुंद जिना, लिफ्ट नाही, आणि ताईला अंगणातून घरात यायचं तरी दाराच्या चौकटीला धरावं लागे. अध्यक्षांच्या गुडघ्यांसाठी आख्खी पाहणी रद्द झाली, ताईच्या गुडघ्यांचं कोणी विचारलं नाही. "वर माती आहे का रे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "खिडकीत कुंड्या ठेवू." तो जिना ती पुढे एकदाच चढली, वाटेत दर वळणावर बसत. उतरली ती चौघांच्या खांद्यावर, आणि त्याला वर्षसुद्धा लागलं नाही. पण ते पुढचं.

घर रिकामं करा अशी नोटीस तिला कधी आलीच नाही. कागदावर घर नाही, तर नोटीस कोणाच्या नावानं काढणार? बिल्डरचा मुकादम एका संध्याकाळी सायकल थांबवून सांगून गेला, की सोमवारी मशीन येणार आहे, आजी, सामान काढून घ्या. माणूस वाईट नव्हता, सांगायला तरी आला. फूटपट्टी म्हणाला, मशीन लावू देणार नाही, मी स्वतः उतरवतो. सोमवारी त्यानं रजा टाकली. मी टाकली आणि मदतनीसही आपणहून आला.

सकाळपासून आम्ही ते घर उतरवत होतो. आधी वेल काढायला हवा होता, आणि वेलाला ताई कोणाला हात लावू देईना. विळ्यानं बुंध्याशी कापला तो तिनंच, आणि कोवळे दुधी टोपलीत घालून मुकादमाला देऊन आली, वाया कशाला जायचे म्हणून. मग छपराचे पत्रे, मग फळ्या. फूटपट्टी एकेक खिळा उपसून हातोडीनं सरळ करत होता आणि डब्यात टाकत होता. फळ्या लांबीप्रमाणे रचत होता. मी म्हटलं, "अहो, या कुठं लावणार आहात तुम्ही?" त्यानं पुढची फळी घेतली. ताई झाडाखाली ट्रंकेवर बसून बघत होती. मधूनच सांगायची, ती फळी जड आहे, दोघांनी धरा. तिथं खालच्या बाजूला गांधीलमाशीचं घर आहे, जपून.

दुपारी शेवटची चौकट निघाली. सामान टेंपोत चढलं. फळ्यांकडे मुकादमाची माणसं बघायला लागली होती, त्या त्यानं त्यांनाच देऊन टाकल्या. आता तिथं चोपून चोपून गुळगुळीत झालेल्या जमिनीचा एक तुकडा तेवढा राहिला, आणि फूटपट्टी त्याच्या कडेला हात लोंबते सोडून उभा होता. सकाळपासून तो रडला नव्हता, बोलला नव्हता. ताई चौकटीशिवाय, कशालाही न धरता, हळूहळू चालत त्याच्याजवळ आली. तिनं केरसुणी आणली होती. इकडेतिकडे पडलेला भुसा, कपच्या, वेलाची पानं तिनं वाकून झाडून काढली, सगळा केर एका कडेला लोटला, आणि कंबर धरून उभी राहिली. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसली.

"झालं बघ, छोट्या. आता कोणीही बघायला येऊ दे, इथं काही नाही. आता तुझा नकाशा अगदी बरोबर झाला. आता तुला कोणी नावं ठेवणार नाही."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तो भांडला असता, मी मध्ये पडले असते. तिला खरंच वाटत होतं, की इतके दिवस त्याच्या जिवाला लागलेला घोर हाच होता, आणि आपण तो मिटवला. फूटपट्टी तिथंच, त्या झाडलेल्या जमिनीवर, मटकन बसला. पांढऱ्या केसांचा माणूस, लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडायला लागला. मुकादमाची माणसं हातातल्या फळ्या तशाच धरून उभी राहिली. ताईला खाली बसता येत नव्हतं. ती गुडघ्यांवर एक हात टेकून जेवढं वाकता येईल तेवढी वाकली आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून म्हणत राहिली, "उगी रे छोट्या, उगी. तुझं नाही काही चुकलं."